वहीच्या बासनापासून फायलीच्या आवरणापर्यंत

कोणत्याही संस्थेची खरी स्मृती तिच्या कपाटांत असते. स्थापनेचा ठराव, विश्वस्त व्यवस्थेचे नोंदणीपत्र, जमिनीची खरेदीखते, देणगीदारांची नोंदवही, पावत्यांच्या प्रती, सभांची इतिवृत्ते, पंचकल्याणकाची वा प्रतिष्ठेची छायाचित्रे या सर्वांतून न्यासाचे जीवन घडलेले असते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये संमत झाला आणि धार्मिक न्यासांना हिशेब व कागदपत्रे नियमाने ठेवणे बंधनकारक झाले. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या न्यासाजवळ म्हणूनच कागदांचा मोठा संचय असतो. हा संचय कशात गुंडाळला जातो, कोणत्या आवरणात ठेवला जातो, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु ज्या समाजाने ग्रंथरक्षणाला धर्मकार्य मानले, त्या समाजात या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे.

ग्रंथभांडारांची परंपरा

श्रुतरक्षण हे जैन परंपरेचे एक प्रधान अंग. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी साजरी होते. दोन्ही पर्वांत ग्रंथांचे पूजन होते, आणि पूजनाबरोबरच ग्रंथ बाहेर काढणे, त्यांवरील धूळ झाडणे, जीर्ण वेष्टन काढून नवे चढविणे ही कामेही भक्तीचाच भाग मानली जातात. पावसाळा जवळ येताना एका परंपरेने आणि पावसाळा सरल्यावर दुसऱ्या परंपरेने ग्रंथ तपासावेत, यात पूर्वजांची व्यवहारदृष्टी स्पष्ट दिसते.

या भांडारांतील साहित्य पाहण्यासारखे आहे. ताडपत्रांना वर-खाली लाकडी पाट्या, मधून ओवलेला सुती दोरा आणि सर्वांवर कापडी बासन अशी पोथीची रचना असे. कागद प्रचारात आल्यावर पुठ्ठे वापरात आले. हे पुठ्ठे पुष्कळदा निरुपयोगी झालेले कागद एकावर एक चिकटवून तयार केले जात आणि त्यांवर कापड चढविले जाई. शाई दिव्याच्या काजळीची, तिला डिंकाची जोड. कसर लागू नये म्हणून पोथ्यांच्या डब्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवीत. कीटकांना मारावयाचे नाही, दूर ठेवावयाचे, एवढाच त्यामागील हेतू. आवरणासाठी चामड्यापेक्षा लाकूड, पुठ्ठा आणि कापड यांनाच प्राधान्य मिळाले, हेही या परंपरेशी सुसंगतच होते.

अशा साध्या साधनांनी काय साधले? जैसलमेर आणि पाटण येथील भांडारांत शेकडो वर्षांपूर्वीची ताडपत्रे सुरक्षित राहिली. विसाव्या शतकात आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी महाराज यांनी ती भांडारे तपासून व्यवस्थित लावली, तेव्हा त्यांतील ग्रंथ वाचता येण्याजोगे होते. कर्नाटकातील मूडबिद्री येथे षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या ताडपत्र प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. त्यांच्या आधाराने डॉ. हिरालाल जैन यांनी विदर्भातील अमरावती येथून १९३९ पासून धवलेचे प्रकाशन आरंभिले आणि ते १६ खंडांत पूर्ण झाले. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील शास्त्रभांडारांनी अपभ्रंश वाङ्मयाचे अमूल्य धन असेच राखून ठेवले होते. १९३० च्या दशकात ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ कारंजा जैन ग्रंथमालेतून विद्वानांसमोर आले. लाकूड, कापड, सुती दोरा आणि माणसाची काळजी एवढ्याच सामग्रीवर हे रक्षण झाले.

वही, दप्तर आणि रुमाल

मंदिरातील पोथी आणि पेढीवरील वही यांचे नाते जवळचे होते. महावीर निर्वाणाच्या दिवशी, म्हणजे दिवाळीत, नव्या वहीचे पूजन करून व्यापारी वर्ष सुरू करण्याची रीत जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कीर्द, खतावणी आणि रोजमेळ यांच्या त्या लांबट वह्या लाल कापडात बांधलेल्या, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेल्या असत. शिवण उसवली तर पुन्हा घालता येई, कापड फाटले तर बदलता येई. वही जुनी झाली तरी तिचा प्रत्येक घटक मातीत मिसळणारा होता.

महाराष्ट्रात कागदही दूरचा नव्हता. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची नावे मराठेशाहीच्या काळात सर्वपरिचित होती. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तर कागद करणाऱ्यांच्या नावानेच ओळखले जाते. जुन्या चिंध्या व तागाचे तुकडे कुटून, लगदा करून, चौकटीवर कागद उचलला जाई, त्याला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटले जाई. असा घोटीव कागद शाई फुटू देत नसे आणि दीर्घकाळ टिके.

राज्यकारभाराचे कागद कापडाच्या चौकोनात बांधले जात. त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद या रुमालांतच राहिले. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी त्या दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. पेशवाई संपून शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती, तरी रुमाल सोडताच अक्षरे वाचता आली. कापड कागदाला धुळीपासून राखते, त्याच वेळी हवा खेळू देते, दमट दिवसांतील ओल शोषून पुन्हा सोडते. रुमालाचे हे साधे गुण पुढे विसरले गेले.

विसाव्या शतकात गिरणीच्या कागदापुढे हातकागद मागे पडला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्धा येथील मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली इतर ग्रामोद्योगांबरोबर हातकागदाचेही प्रयोग झाले. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. तिच्या उभारणीत के. बी. जोशी यांचा वाटा मोठा होता. सुती कापडाच्या कातरणीपासून होणाऱ्या या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही, ही गोष्ट आजच्या काळात विशेष महत्त्वाची ठरते.

फाईल आली तेव्हा

आजच्या कार्यालयातील फाईल युरोपातून आली. जर्मनीतील बॉन येथील फ्रीडरिश झोनेकेन यांनी १८८६ मध्ये कागदाला छिद्रे पाडणारे यंत्र आणि छिद्रांत कड्या अडकविणारी फाईल प्रचारात आणली. श्टुटगार्टचे लुई लाइट्स यांनी १८९६ च्या सुमारास तिला कळदांडा जोडला. लोखंडी पट्टीवरची दांडी दाबताच कड्या उघडणारी जाड फाईल आजही कार्यालयांत दिसते, ती मुळात हीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या फायली पुठ्ठ्याच्या होत्या. त्यांवर रंगीत कागद वा कापड चढविलेले असे. सरकारी कचेऱ्यांतील फायलीही जाड कागदाच्या, सुती फितीने बांधलेल्या असत. गावोगावच्या कचेऱ्यांत टाचणीऐवजी बाभळीचा काटा वापरला जाई. याचा अर्थ असा की, फाईल ही सोय प्लास्टिकशिवाय अनेक दशके उत्तम चालली. विनाइल ही फायलीची गरज नव्हती. ते फायलीवर नंतर चढले.

विनाइलचा प्रवेश

विनाइल क्लोराइड हा वायू १८३५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी व्हिक्टर रेन्यो यांनी प्रथम तयार केला. त्याचे घन रूप, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड अथवा पीव्हीसी, १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑइगेन बाउमान यांच्या नजरेस आले. परंतु ते कडक व ठिसूळ असल्याने त्याचे करावे काय हे बराच काळ कोणाला उमगले नाही. १९२६ मध्ये अमेरिकेतील वाल्डो सेमन यांनी त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळली आणि वाकणारे, न भिजणारे, हव्या त्या रंगाचे विनाइल जन्माला आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वस्त झाले आणि घरात, दुकानात, कार्यालयात सर्वत्र पसरले.

आपल्याकडेही गेल्या काही दशकांत पुठ्ठ्यावर विनाइलचे पातळ पत्रे तापवून चिकटविलेल्या रिंग फायली, पारदर्शक खिशांचे अल्बम, ओळखपत्रांची पाकिटे, दैनंदिनीची चकचकीत आवरणे आणि इतिवृत्ताच्या वह्यांची ‘रेक्झिन’ बांधणी रूढ झाली. आज रेक्झिन म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा कापडावर पीव्हीसीचाच लेप असतो. स्वस्ताई, चकाकी आणि पाण्यापासून रक्षण या तीन गुणांवर विनाइलने लाल कापडाची जागा घेतली. हा बदल कोणी विचारपूर्वक केला नाही. दुकानात जे मिळाले ते घेतले गेले.

चकाकीमागील वास्तव

पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. या एका गोष्टीतून त्याचे बहुतेक दोष निर्माण होतात. ज्या वायूपासून ते बनते तो वायू माणसाला घातक आहे. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील पीव्हीसी कारखान्याच्या कामगारांचे यकृताच्या एका अतिदुर्मीळ कर्करोगाने मृत्यू झाल्याचे उघडकीस आले. तोवर तेथे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५०० भाग चालवून घेतले जात. त्या घटनेनंतर आठ तासांच्या कामाच्या पाळीसाठी सरासरी मर्यादा केवळ १ भाग इतकी खाली आणण्यात आली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही विनाइल क्लोराइडला मानवात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ मालगाडी घसरली. तिच्या पाच टाक्यांत हाच वायू होता. स्फोट टाळण्यासाठी तो मोकळा करून जाळावा लागला आणि आसपासच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली.

तयार झालेली फाईल हातात धरणाऱ्याला असा धोका नसतो, हे खरे. परंतु मऊपणासाठी मिसळलेली थॅलेट वर्गातील द्रव्ये विनाइलशी पक्की जोडलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पडतात. त्यांपैकी डीईएचपी या द्रव्याला युरोपीय संघाने २००८ मध्ये प्रजननक्षमतेस बाधक म्हणून अतिचिंताजनक रसायनांच्या यादीत घातले. त्याच वर्षी अमेरिकेने लहान मुलांच्या खेळण्यांत अशा काही द्रव्यांवर कायद्याने बंदी आणली. विनाइल उघड्यावर जाळल्यास हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्ये निर्माण होतात. पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेले विनाइल वेगळे करणे कठीण, म्हणून भंगारवाला त्यातील पुठ्ठाही घेत नाही. बिजागरीपाशी तडकलेली अशी फाईल दुरुस्तही होत नाही.

कागदांचेच नुकसान

न्यासांच्या दृष्टीने याहूनही जवळची एक गोष्ट आहे. ज्या कागदांच्या रक्षणासाठी हे आवरण घेतले, त्यांचीच हानी ते करते. पारदर्शक विनाइलच्या खिशात ठेवलेल्या झेरॉक्स प्रतीची अक्षरे काही वर्षांनी खिशाच्या आतील बाजूस चिकटलेली दिसतात. विनाइलमधून बाहेर पडणारी मऊपणाची द्रव्ये छपाईची भुकटी विरघळवितात आणि कागद ओढून काढताना मजकूर आवरणावरच राहतो. काळाच्या ओघात पीव्हीसी विघटित होऊ लागले की त्यातून आम्ल बाहेर पडते. ते कागदाला पिवळा व ठिसूळ करते आणि छायाचित्रांचे रंग बिघडविते. म्हणूनच जगभरचे अभिलेखपाल छायाचित्रांसाठी आणि दस्तऐवजांसाठी पीव्हीसी टाळावे असे सांगतात.

आपल्या हवामानात हा दोष अधिक जाणवतो. चातुर्मासाच्या दमट दिवसांत बंद विनाइलच्या आत ओल कोंडते, बुरशी धरते. बुरशी म्हणजे अनंत सूक्ष्म जीवांची उत्पत्ती, आणि ती साफ करताना त्यांची विराधना अटळ. कापडी रुमालात हा प्रसंग क्वचितच येई. न्यासाच्या पहिल्या सभेचे इतिवृत्त, मूळ देणगीदारांच्या स्वाक्षऱ्या, शिलान्यासाचे एकमेव छायाचित्र ही पुन्हा मिळणारी वस्तू नव्हे. चकचकीत आवरणात ती सुरक्षित आहे असे समजून निश्चिंत राहणे धोक्याचे आहे.

शास्त्राची दृष्टी

पीव्हीसीचा उल्लेख शास्त्रांत असणे शक्यच नाही, पण वस्तूकडे पाहण्याची दृष्टी तेथे निश्चित आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत. प्रयोजन नसता घडणारी हिंसा टाळावी, असे ते सांगते. त्यातील प्रमादचर्येच्या विवेचनात विनाकारण भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वनस्पती तोडणे यांचा निषेध आहे. ज्या वस्तूला निर्दोष पर्याय हाताशी आहे आणि जिची केवळ चकाकीसाठी निवड होते, ती वस्तू याच कसोटीवर तपासली पाहिजे.

आचार्य हेमचंद्रसूरींच्या ‘योगशास्त्रा’त आणि पंडित आशाधरांच्या ‘सागारधर्मामृता’त श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा उद्योगांचा विचार आला आहे. त्यांत विषाचा व्यापार आहे, तसा लाखेचाही आहे. लाख म्हणजे त्या काळी पत्र मोहोरबंद करण्याचे साधन. तिच्या निर्मितीत असंख्य कीटकांचा घात होतो, म्हणून तिचा व्यापार दोषास्पद ठरला. वस्तू हातात येते तेव्हा निर्जीव असते, पण ती कोठून आली याची चौकशी श्रावकाने केली पाहिजे, हा त्यातील बोध. विनाइलच्या मागे कारखान्यातील कामगारांच्या दुःखाचा इतिहास असेल, तर तोही या चौकशीत आला पाहिजे.

साधूंच्या पाच समितींपैकी दोन येथे विशेष आठवतात. वस्तू उचलताना व ठेवताना सावध राहणे ही एक. नको झालेली वस्तू जीवरहित जागी, कोणासही पीडा न होईल अशी टाकणे ही दुसरी. कापडी वही मातीत मिळते. विनाइल पुरले तर मातीत तसेच राहते, जाळले तर हवेत विष सोडते, नाल्यात गेले तर पाणी अडविते. ज्या वस्तूच्या परिष्ठापनेसाठी निर्दोष जागाच मिळत नाही, ती घेतानाच विचार व्हावयास हवा.

कायद्याची दिशा

जे जयणेने सुचविले होते ते आता कायदाही सांगू लागला आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. केंद्र शासनाच्या १२ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या काही वस्तू देशभर बंद झाल्या. त्या यादीत सजावटीचा थर्माकोल आहे, मिठाईच्या खोक्यांवरील व निमंत्रणपत्रिकांवरील प्लास्टिकचे वेष्टन आहे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक वा पीव्हीसीचे फलकही आहेत. धार्मिक न्यासांच्या उत्सवांशी या वस्तूंचा थेट संबंध येतो. चातुर्मास प्रवेश, पर्युषण, महावीर जयंती, तपस्व्यांचे सन्मान या प्रसंगी चौकाचौकांत लागणारे फ्लेक्स हे पीव्हीसीचा लेप दिलेले कापडच. जाडी जास्त असली म्हणून ते कायद्याच्या कचाट्यातून सुटेल, पण अहिंसेचा संदेश छापण्यासाठी ते योग्य माध्यम ठरणार नाही. दोन दशकांपूर्वीपर्यंत कापडावर रंगाने लिहिलेले फलक सर्वत्र दिसत. तिथी-वार बदलून तेच फलक पुढील वर्षी उपयोगी पडत.

उपलब्ध पर्याय

सुदैवाने यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. पुठ्ठ्याची बॉक्स फाईल, जाड कागदाचे फोल्डर, सुती फीत, सुती टॅग आणि कापडी बांधणीची इतिवृत्त वही आजही बाजारात मिळते. लोखंडी कळदांडा खिळ्याने जोडलेला असेल तर पुठ्ठा झिजल्यावर तोच नव्या पुठ्ठ्याला लावता येतो. पहिल्या खरेदीत कापडी बांधणी थोडी महाग पडते, पण तिचे आयुष्य पाहता ती स्वस्त ठरते. पावत्या, आमंत्रणे आणि सन्मानपत्रे यांसाठी हातकागद वापरला तर ग्रामोद्योगालाही आधार मिळतो. छायाचित्रांसाठी पारदर्शक खिसे हवेच असतील तर पॉलिप्रॉपिलीन वा पॉलिएस्टरचे घ्यावेत. त्यांत क्लोरीन नसतो आणि मऊपणाची द्रव्येही मिसळावी लागत नाहीत. मौल्यवान दस्तऐवजांसाठी न रंगविलेले धुतलेले सुती कापड सर्वांत उत्तम, कारण कच्चा रंग ओलीत कागदाला लागतो. रेशमाचा मोह मात्र टाळावा, त्यामागची हिंसा सर्वविदित आहे.

कागदही सर्वस्वी निर्दोष नाही. त्यासाठी झाडे व पाणी खर्ची पडते. म्हणून पाठकोऱ्या कागदाचा वापर, आवश्यक तेवढीच छपाई आणि परिग्रहाची मर्यादा या गोष्टी प्रथम येतात. हाताशी असलेल्या विनाइलच्या फायली एकाच दिवशी फेकून देणे हाही एक अपव्ययच होईल. त्यांतील महत्त्वाचे कागद आधी बाहेर काढावेत. मोकळ्या फायली तात्पुरत्या बिलांसाठी झिजेपर्यंत वापराव्यात आणि नंतर त्या जागी नव्या विनाइलची खरेदी करू नये. जुन्या फायली कधीही जाळू नयेत.

सुवर्णमहोत्सव हा मागील पन्नास वर्षांचा हिशेब मांडण्याचा प्रसंग. त्याच वेळी पुढील पन्नास वर्षांसाठी हा हिशेब कोणत्या रूपात सुपूर्द करावयाचा, हेही ठरवावे लागते. श्रुतपंचमीला वा ज्ञानपंचमीला ग्रंथांबरोबर न्यासाचे दप्तरही बाहेर निघावे, युवक-युवतींनी कागदांवरची विनाइलची आवरणे उतरवून त्यांना सुती वेष्टने चढवावीत, छायाचित्रांमागे पेन्सिलीने नावे लिहावीत, असा उपक्रम कोणत्याही न्यासाला सहज करता येईल. त्याला मोठा निधी लागत नाही. कारंजा, मूडबिद्री आणि पाटण येथील अनाम श्रावकांनी एवढेच केले होते, आणि त्यांच्यामुळेच शेकडो वर्षांनंतरच्या पिढीला ते ग्रंथ वाचता आले. न्यासाच्या शताब्दीला जे विश्वस्त कपाट उघडतील, त्यांनाही आजची अक्षरे तितक्याच स्पष्टपणे वाचता यावीत, आणि त्या अक्षरांच्या रक्षणासाठी कोणत्याही जीवाला विनाकारण पीडा झालेली नसावी.